एक फ्लँज, एक सत्र: कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या वरच्या वर्गांना कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग हा विषय पहिल्यांदाच शिकवायला मिळालेल्या अध्यापकांसाठी हा लेख आहे. या विषयाला, म्हणजे संगणकाने जोडलेल्या उत्पादनाला, पुढे मी सीआयएम असेच म्हणेन. मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी तो बरीच वर्षे शिकवत आलो आहे. पहिली दोन वर्षे मी अभ्यासक्रमात छापलेल्या क्रमानेच गेलो: आधी कॅड (संगणकावर आरेखन), मग सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी यंत्रे), मग ग्रुप टेक्नॉलॉजी (मिळत्याजुळत्या भागांची गटवारी), मग लवचीक उत्पादन प्रणाली. विद्यार्थी परीक्षेत चांगली उत्तरे लिहीत असत, परंतु एका प्रकरणाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे असे विचारले की वर्ग गप्प होत असे. विषयाच्या नावात जो ‘इंटिग्रेटेड’ शब्द आहे, नेमका तोच शिकवायचा राहून जात होता.

सीआयएम म्हणजे नवी यंत्रे नव्हेत. रेखाचित्रावर लिहिलेला एक आकडा प्रक्रियेच्या तक्त्यात, यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये, भांडारात आणि तपासणीत कसा पोहोचतो, आणि तो वाटेत कुठे तुटतो, याचा हा अभ्यास आहे. म्हणून माझी शिफारस अशी की, सत्राच्या पहिल्या आठवड्यात एकच भाग निवडावा आणि सत्र संपेपर्यंत तो सोडू नये.

सुरुवातीचा तास

इतिहासाला एक तास पुरतो. माझ्या वर्गात गिरणगावातल्या घरांत वाढलेले, आजोबांकडून गिरणीच्या गोष्टी ऐकलेले विद्यार्थी अजूनही असतात, म्हणून मी जॅकार्ड मागापासून सुरुवात करतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेल्या या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने कोणता धागा उचलायचा हे ठरत असे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे दाखवण्यात आले. दोन्हींमध्ये कल्पना एकच आहे: आकार कारागिराच्या हातात न ठेवता माहितीत ठेवायचा. त्यानंतर १९७३ मध्ये जोसेफ हॅरिंग्टन यांनी सीआयएम ही संज्ञा रूढ केली, आणि त्यांचा भर सुट्या यंत्रांवर नसून त्यांना जोडणाऱ्या माहितीवर होता. एवढे सांगून पुढे जावे.

पहिली पायरी: भाग निवडणे

मी कपलिंगची, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या सांध्याची, फ्लँज निवडतो. फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची गोल चकती. बाहेरचा व्यास ८० मिमी, एकूण लांबी २५ मिमी, त्यातली १० मिमी फ्लँजची जाडी आणि उरलेला ४८ मिमी व्यासाचा हब, म्हणजे मधला उंच गोल भाग. मधोमध २० मिमीचा एच७ बोअर (बोअर म्हणजे मधले छिद्र, आणि एच७ ही त्याच्या मापात किती फरक चालेल ते सांगणारी खूण), आणि ६० मिमी व्यासाच्या वर्तुळावर एम६ बोल्टसाठी ६.६ मिमीची चार छिद्रे. अशा दोन फ्लँज समोरासमोर येऊन कपलिंग होते.

हा भाग निवडण्याची कारणे विद्यार्थ्यांनाही सांगावीत. तो लेथवर सुरू होतो आणि ड्रिलिंगसाठी मिलिंग सेंटरवर जातो, त्यामुळे माहितीला एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत प्रवास करावाच लागतो. त्यात एकच काटेकोर माप आहे. आणि तो एकट्याने उपयोगाचा नाही, तो दुसऱ्या भागाशी जुळावा लागतो. नुसता दांडा किंवा नुसती प्लेट घेतली तर यांतले काही ना काही सुटते.

धातू ॲल्युमिनियम घ्यावा. आपले सत्र पावसाळ्यात सुरू होते, आणि या दमट हवेत माइल्ड स्टीलच्या ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर दुसऱ्या दिवशी गंजाचे डाग दिसू लागतात. विद्यार्थी मग मापाऐवजी गंजाचीच चर्चा करतात. ड्रिल, बोल्ट आणि वॉशर नागदेवी स्ट्रीटवरून विद्यार्थ्यांनाच आणायला सांगावेत. दुकानदाराने ‘कुठल्या ग्रेडचा बोल्ट?’ असे विचारले की बिल ऑफ मटेरियलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत, तो रकाना का असतो, हे त्यांना आपोआप कळते.

दुसरी पायरी: मॉडेल आणि फाइल

प्रत्येक गटाने फ्लँजचे त्रिमितीय मॉडेल करावे आणि ते एसटीएल आणि स्टेप अशा फाइलींच्या दोन स्वरूपांत बाहेर काढावे. मग दोन्ही फाइली वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बोअरचा व्यास मोजायला सांगावे. एसटीएलमध्ये गोल बोअरऐवजी अनेक कोनांची आकृती मिळते, कारण त्या फाइलीत फक्त त्रिकोण असतात. तिच्यात एककही नसते, त्यामुळे ८० मिमीची फ्लँज ८० इंचांची होऊन उघडल्याचा अनुभव एखाद्या गटाला हमखास येतो. आयएसओ १०३०३ या मानकानुसार असलेल्या स्टेप फाइलीत बोअर दंडगोल म्हणूनच येतो, मात्र ‘एच७’ ही खूण साध्या निर्यातीत बहुधा मागेच राहते.

या ठिकाणी थांबून वर्गाला एक प्रश्न विचारावा: एच७ पुढच्या माणसाला कोण सांगणार? उत्तर येते, ‘रेखाचित्र बघून कुणीतरी टाइप करेल.’ जिथे माणूस एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा टाइप करतो, तिथे साखळीचा एक दुवा सुटलेला असतो. विद्यार्थ्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर अशा सुटलेल्या दुव्यांची यादी सुरू करावी आणि ती सत्रभर वाढवत न्यावी. माझ्या मते ही यादी प्रयोगवहीपेक्षाही मोलाची आहे.

तिसरी पायरी: प्रक्रियेचा आराखडा

कॅपची, म्हणजे संगणकाच्या मदतीने प्रक्रियेचा आराखडा करण्याची, व्याख्या देण्याआधी एक प्रयोग करावा. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाला तेच रेखाचित्र द्यावे आणि फ्लँज कशी बनवाल ते एका कागदावर क्रमाने लिहायला सांगावे. तीन गटांकडून तीन वेगळे क्रम येतात. कुणी आधी हब कापतो, कुणी आधी बोअर करतो, आणि कुणी तरी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लेथच्या चकमध्ये (पकडीत) उलटा धरण्याचा टप्पाच विसरतो. जॉब उलटा धरल्यावर बोअर आणि बाहेरचा व्यास एककेंद्री राहतील का, हा प्रश्न पुढे आला की चर्चा आपसूक रंगते.

यानंतर कॅपचे दोन मार्ग सांगावेत. एका मार्गात जुन्या मिळत्याजुळत्या भागाचा आराखडा काढून त्यात बदल करायचा, दुसऱ्यात भागाच्या आकारावरून आणि नियमांवरून नवा आराखडा तयार करायचा. तीन वेगळे कागद समोर असताना हे शिकवले की विद्यार्थी दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे स्वतःच मांडतात.

चौथी पायरी: यंत्रावर

सीएनसीला सर्वाधिक वेळ द्यावा, पण तो कोडची यादी पाठ करून घेण्यात घालवू नये. पहिला प्रोग्रॅम हाताने, आलेख कागदावर लिहून घ्यावा. तीन चुका जवळजवळ प्रत्येक वर्षी होतात आणि त्या आधीच दाखवून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली चूक एक्सच्या किमतीची. लेथवर एक्स, म्हणजे टूलचे आडवे स्थान, सहसा व्यासात लिहितात. त्रिज्या समजून एक्स ४० लिहिले तर ८० मिमीच्या जॉबमध्ये टूल २० मिमी आत घुसायला निघते. दुसरी चूक दशांश चिन्हाची. काही कंट्रोलर दशांश चिन्हाशिवाय लिहिलेला आकडा मायक्रॉनमध्ये वाचतात, आणि ५० मिमीऐवजी ०.०५० मिमी होते. आपल्या यंत्रावर काय रीत आहे ते वर्गात जाण्याआधी स्वतः तपासून पाहावे. तिसरी चूक टूल ऑफसेटची, म्हणजे टूलच्या मापाच्या नोंदीची: टूल बदलले, पण ऑफसेटच्या पानावरचा जुना आकडा तसाच राहिला.

आता एक गोष्ट प्रत्यक्ष ऐकवावी. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचे तोंड सपाट कापताना, वर्गाला शांत उभे करून स्पिंडलच्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगावे. प्रोग्रॅममध्ये जी९६ हा कोड लावून कापण्याचा वेग मिनिटाला २०० मीटर स्थिर ठेवला, तर ८० मिमी व्यासावर स्पिंडल मिनिटाला सुमारे ७९६ फेरे घेतो, ४० मिमीवर सुमारे १५९२, आणि १० मिमीवर हिशेबाने ६३६६ फेरे लागतात. टूल केंद्राकडे सरकते तसा आवाज चढत जातो, आणि केंद्राशी सूत्र अनंताकडे जाते. म्हणून फानुक या कंट्रोलरच्या पद्धतीच्या लेथवर जी५० या कोडने फेऱ्यांची कमाल मर्यादा आधी बांधून घेतात. ती ओळ प्रोग्रॅममधून वगळली तर काय होईल, हे आवाज ऐकलेल्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पहिला जॉब नेहमी सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, कमी ठेवून आणि हात ते सरकणे थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणाजवळ ठेवून चालवावा. याला अपवाद करू नये. कार्यशाळेतले सहायक या बाबतीत अध्यापकांपेक्षा जाणते असतात. त्यांना ‘तुम्ही सांगा’ म्हणून पुढे करावे, आणि ते मराठी-हिंदीत जे समजावतात ते विद्यार्थ्यांना टिपून घ्यायला लावावे.

पावसात लोकल बंद पडून एखाद्या तुकडीचे प्रात्यक्षिक बुडतेच. त्यासाठी सिम्युलेटरवर चालवायचा एक धडा राखून ठेवावा.

पाचवी पायरी: भागांची कुटुंबे

ग्रुप टेक्नॉलॉजीसाठी कार्यशाळेतले तीसेक जुने भाग टेबलावर ओतावेत आणि त्यांची गटवारी करायला सांगावी. विद्यार्थी आधी दिसण्यावरून गट पाडतात. मग तेच भाग कोणत्या यंत्रांवर बनले यावरून गट पाडायला सांगावे. दोन्ही वेळा गट वेगळे होतात, आणि आकाराचे कुटुंब व प्रक्रियेचे कुटुंब यांतला फरक हातात येतो. हा विचार १९५० च्या दशकात सोव्हिएत अभियंते मित्रोफानोव्ह यांनी पद्धतशीरपणे मांडला. पुढे आखेनच्या ओपित्झ यांनी भागाच्या आकारासाठी पाच अंकांचा मुख्य कोड दिला.

आपल्या फ्लँजची लांबी भागिले व्यास ०.३१ येते. गोल भागांत हे गुणोत्तर ०.५ पर्यंत असेल तर ओपित्झ कोडचा पहिला अंक शून्य असतो. म्हणजे पहिल्याच अंकावरून कळते की हा चकतीसारखा भाग आहे, आणि त्याला लांब दांड्यांच्या सेलमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठीच्या यंत्रांच्या गटात, पाठवू नये. मुंबईतले विद्यार्थी इथे डबेवाल्यांच्या डब्यावरच्या खुणांचे उदाहरण देतात. ते चांगले आहे, पण त्यातला भेद दाखवून द्यावा: डब्यावरची खूण डबा कुठून कुठे जायचा ते सांगते, डबा गोल की चौकोनी हे सांगत नाही. कारखान्याला दोन्ही माहिती लागतात, म्हणून ओपित्झ कोडला पुढे पूरक अंक जोडलेले आहेत.

यंत्रे आणि भाग यांच्या तक्त्यातून सेल काढण्याची रँक ऑर्डर क्लस्टरिंग ही पद्धत एका तासात होते. पाच यंत्रे आणि सहा भाग यांपेक्षा मोठे उदाहरण फळ्यावर घेऊ नये.

सहावी पायरी: यंत्राला बोलते करणे

इथे महागड्या उपकरणांची वाट पाहू नये. लॅमिंग्टन रोडवर विद्युतप्रवाह मोजणारा चिमट्याचा सेन्सर आणि साधा मायक्रोकंट्रोलर मिळतो. तो लेथच्या वायरीभोवती, विद्युत विभागातल्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली लावून यंत्र कधी चालू आणि कधी रिकामे होते याची नोंद दिवसभर घ्यावी. संध्याकाळी आलेख पाहिला की यंत्र प्रत्यक्ष कापण्यापेक्षा जॉब लावणे, शून्य घेणे आणि वाट पाहणे यांतच अधिक वेळ घालवते, हे स्वच्छ दिसते. विद्यार्थ्यांना या आलेखाचे खरोखर आश्चर्य वाटते.

पीएलसीचा, म्हणजे यंत्रे चालू-बंद करणाऱ्या औद्योगिक संगणकाचा, एकच सर्किट मनापासून शिकवावा: सुरू आणि बंद अशी दोन बटणे असलेला, सुरूचे बटण सोडल्यावरही चालू राहणारा होल्डिंग सर्किट. बंदचे बटण नेहमी जोडलेल्या संपर्काचे का असते, हे विचारावे. वायर तुटली तर यंत्र थांबले पाहिजे, चालू राहता कामा नये, हे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

सातवी पायरी: मोजणे

२० मिमीच्या एच७ बोअरची मर्यादा २०.००० ते २०.०२१ मिमी आहे, म्हणजे हातात एकूण २१ मायक्रॉन. मापे २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि आपली कार्यशाळा ऑक्टोबरमध्ये सहज ३२ अंशांवर असते. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावतो. १२ अंशांच्या फरकाने २० मिमीचा बोअर साधारण साडेपाच मायक्रॉनने वाढतो. हा आपल्या मर्यादेचा चौथा हिस्सा झाला. बोअर तपासायचा स्टीलचा दांडा, म्हणजे प्लग गेज, त्याच उष्णतेत याच्या निम्माच वाढतो, त्यामुळे उरलेला फरक मापात शिरतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, आणि तपासणीच्या तक्त्यात तापमानाचा रकाना त्यांनीच जोडावा.

आठवी पायरी: कारखान्याची भेट

भव्य कारखान्याच्या मागे लागू नये. तिथे पंचवीस जणांचा गट काचेपलीकडून यंत्रे पाहतो आणि परत येतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले किंवा वसईकडचे आठ-दहा सीएनसी यंत्रांचे वर्कशॉप अधिक शिकवते. दहा-बारा जणांचे गट करावेत, परवानगीचे पत्र आधी द्यावे, बुटांची आणि चष्म्याची सक्ती करावी. प्रत्येक गटाने एकच काम करायचे: एखादे जॉब कार्ड निवडून त्याचा माग काढायचा. ऑर्डर कुठे नोंदली, रेखाचित्र कुणाकडून आले, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून गेला की नेटवर्कवरून, तपासणीचा आकडा कागदावर राहिला की परत संगणकात गेला. शेवटच्या पानावरची यादी इथे भराभर वाढते.

नववी पायरी: मधूनच बदल करणे

सगळी साखळी उभी राहिली की ती मुद्दाम हलवावी. ही पायरी मला माझ्याच वर्गातल्या एका अपघाताने मिळाली.

एका वर्षी बोल्टखालचा वॉशर हबच्या मुळाशी असलेल्या गोलाईवर चढत होता. हिशेब साधा आहे: ६० मिमीच्या वर्तुळावर बोल्टचे केंद्र ३० मिमीवर, एम६ वॉशरची त्रिज्या ६ मिमी, म्हणजे वॉशरची कड २४ मिमीवर, आणि ४८ मिमीच्या हबची त्रिज्याही २४ मिमीच. डिझाइनच्या गटाने वर्तुळ ६२ मिमी केले, मॉडेल बदलले आणि रेखाचित्रावर ‘सुधारणा ब’ असे लिहिले. पहिली फ्लँज आधीच झाली होती. दुसरी फ्लँज करणाऱ्या गटाने नवे रेखाचित्र घेतले. जोडणीच्या दिवशी दोन्ही फ्लँज समोरासमोर ठेवल्या आणि एकही बोल्ट जाईना. छिद्रे एक मिमीने सरकलेली होती, ६.६ मधून १ गेल्यावर मोकळी वाट ५.६ मिमीची उरली, आणि बोल्ट ६ मिमीचा.

विद्यार्थ्यांनी दोन्ही फ्लँज पुन्हा मोजल्या. दोन्ही आपापल्या तपासणी तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर होत्या. मग एकाने पहिल्या फ्लँजचा प्रोग्रॅम उघडून त्यात ‘६०’ शोधायला सुरुवात केली. तो आकडा त्यात नव्हताच. छिद्रे ४५ अंशांवर असल्यामुळे प्रोग्रॅममध्ये २१.२१३ असे होते, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये २१.९२०. फळ्यासमोर पाच-सहा जण उभे राहून ३० गुणिले ०.७०७१ करत होते, आणि तेव्हा कुणीतरी म्हणाले, ‘सर, आकडा वाटेत वेश बदलतो.’ यापेक्षा चांगले वाक्य मला व्याख्यानात कधी सुचले नाही.

तेव्हापासून मी हा बदल दर वर्षी जाणूनबुजून करतो. सत्राच्या अखेरच्या टप्प्यात, प्रोग्रॅम आणि तपासणी तक्ते तयार झाल्यावर, फक्त एक ओळीची सूचना देतो: छिद्रांचे वर्तुळ ६० ऐवजी ६२ मिमी. पुढच्या आठवड्यात प्रत्येक गटाने हा बदल कुठे कुठे पोहोचवावा लागला त्याची यादी द्यायची. मॉडेल, रेखाचित्र, प्रक्रियेचा तक्ता, ड्रिलिंगचा प्रोग्रॅम, ड्रिलिंगचे फिक्स्चर (भाग धरून ठेवणारी चौकट), तपासणी तक्ता, तयार झालेल्या फ्लँजवरची खूण, आणि आधी बनलेल्या फ्लँजचे काय करायचे त्याचा निर्णय, एवढ्या जागा तरी याव्यात. प्रत्येक जागेला बदल आपोआप पोहोचला की कुणीतरी हाताने नेला, हेही लिहायला लावावे.

अंतर्गत गुणांतले निम्मे गुण मी या यादीवर देतो. ज्या गटाने सर्व जागा शोधल्या पण फ्लँज ओबडधोबड केली, त्याला गुळगुळीत फ्लँज करून तपासणी तक्ता विसरलेल्या गटापेक्षा जास्त गुण मिळतात, आणि हे मी सत्राच्या पहिल्याच दिवशी जाहीर करतो, म्हणजे नंतर वाद होत नाही. त्या वर्षीच्या दोन फ्लँज अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ अशी चिठ्ठी लावून. नव्या तुकडीला पहिल्या तासाला मी त्या देतो, सोबत चार एम६ बोल्ट देतो, आणि जोडून दाखवा म्हणतो.